तांब्याचा बंब गेला, त्यानंतर: एका घराच्या सुरक्षा-वायरिंगचं प्रकरण

मामांकडून चोरीला काय गेलं, तर तांब्याचा बंब. मामांच्या आईच्या वेळचा, पोटाला पोचे पडलेला. गॅस गीझर आल्यापासून त्यात कुणी पाणी तापवलं नव्हतं. मामी त्यात नारळाच्या शेंड्या ठेवायच्या. मोरीबाहेरच्या पडवीत तो वर्षानुवर्षं उभा होता आणि मार्चमधल्या एका दुपारी, अडीच ते साडेतीनच्या दरम्यान कधीतरी, तो गेला. मामा-मामी तेव्हा घरातच होते, पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवे झालेले. चोरांनी शेंड्या पडवीत नीट ढीग करून ओतून ठेवल्या होत्या. बंबापेक्षा मामींना राग त्याचाच जास्त.

घर कराडला लागून, मलकापुरात. १९९४ चं बांधकाम, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. मागे आवार, आवाराला लोखंडी फाटक आणि फाटकापलीकडे ऊस. मामेभाऊ जर्मनीत. त्याच रात्री त्याचा मला फोन: "आठ कॅमेरे लावून टाक, पैशांचं बघू नकोस. मला इथून सगळं दिसलं पाहिजे." मी पुण्यात कारखान्यांमध्ये फायर अलार्मची पॅनेल बसवतो. वायर, लूप आणि भोंगे हा रोजचाच धंदा, म्हणून विचार न करता हो म्हटलं.

एसटीत बसल्यावर विचार केला. आठ कॅमेरे असते तर बंब वाचला असता का? नसता. तोंडाला रुमाल बांधलेली दोन माणसं बंब उचलून उसात शिरताना छान दिसली असती, एवढंच. चोरी भरदुपारी झाली होती, माणसं घरात असताना आणि दार उघडं असताना. बाजारात मिळणारं बहुतेक सामान मात्र रात्री किंवा घर बंद असताना राखण करायच्या कल्पनेनं बनवलेलं असतं. मामांच्या घरी घर बंद असण्याचे दिवस वर्षाकाठी फार तर वीस. उरलेल्या दिवसांत दोन म्हातारी माणसं, एक मांजर, कामाच्या मावशी, दूधवाला आणि वाळवणं.

आधी वही

पहिले तीन दिवस ड्रिल मशीन पिशवीतून काढलंच नाही. सोप्यात बसून वहीत लिहीत राहिलो: कुठलं दार कधी उघडलं, कुणी उघडलं, कधी लागलं. मामांना वाटलं, भाचा कामचुकारपणा करतोय.

पहाटे ५:१० ला मामा फिरायला बाहेर, पुढचं दार नुसतं ओढून. ५:३० ला मामी मागच्या दारानं तुळशीकडे, मग सडा. ६ वाजता दूध. ९ वाजता मावशी, मागच्याच दारानं. दुपारी १ ते ४ मागचं दार उघडंच, कारण स्वयंपाकघरात वारा तिथूनच येतो. संध्याकाळी दिवेलागणीला पुढचं-मागचं दोन्ही सताड उघडी, लक्ष्मी यायची वेळ. रात्री १० ला पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराला कडी. गच्चीचं दार एप्रिल-मे दोन महिने रात्रीसुद्धा उघडंच, कुरडया आणि सांडगे वर असतात म्हणून. या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. शेजारच्या घराच्या जिन्यावरून मामांच्या गच्चीवर यायला ढांग टाकली की पुरे.

मागचं दार दिवसातून सरासरी चाळीस वेळा हलत होतं. प्रत्येक वेळी कोड दाबायचा असेल तर ती यंत्रणा आठवड्याच्या आत बंद पडणार. मी कारखान्यांत पाहिलेलं आहे: खोटे अलार्म वाजायला लागले की सुरक्षारक्षक भोंग्याच्या तोंडात कापूस कोंबतो. मामींनी तर सरळ बॅटरीची वायर काढली असती.

म्हणून वहीवरून तीन निरनिराळ्या वेळा ठरवल्या. दिवसा माणसं घरात असताना भोंगा नाहीच. मागचं फाटक किंवा मागचं दार हललं की आत नुसतं 'टिंग-टाँग'. पॅनेलमध्ये ही सोय असतेच, चाइम म्हणतात, पण बसवणारे ती चालू करून देत नाहीत. रात्री दारं आणि आवार पहाऱ्यावर, पण घराच्या आतले सेन्सर झोपलेले, म्हणजे मामांना तीनदा उठून जाता येईल. आणि लग्नाकार्याला घर बंद करून गेलं की सगळं जागं.

आठ झोन

पॅनेल आठ झोनचं घेतलं, म्हणजे आठ जागांवर वेगवेगळं लक्ष ठेवणारं. पहिला झोन पुढचं दार, त्याला आत येताना तीस सेकंदांची सवलत. दुसरा मागचं दार. तिसरा गच्चीचं दार, त्याला सवलत नाही, रात्री उघडलं की लगेच भोंगा. चौथा हॉलमधला पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून माणूस टिपणारा सेन्सर, पाचवा जिन्याच्या वळणावरचा. सहावा मागचं फाटक आणि आवारातली बीम, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचं कुंपण, सातवा मदतीची बटणं: एक मामांच्या उशाशी, एक ओट्याखाली. हा झोन चोवीस तास जागा, पॅनेल बंद असलं तरी. आठवा पॅनेलची पेटी आणि भोंग्याचं झाकण कुणी उघडलं तर.

दारांवर रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या, शेजारी चुंबक आलं की चिकटतात, लांब गेलं की सुटतात. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, पण तिचं अंतर सांभाळावं लागतं. साध्या स्विचला पंधरा-वीस मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही आणि लोखंडी चौकटीवर बसवला तर लोखंडच चुंबकाचं बळ खातं, फट आणखी कमी लागते. मागच्या फाटकाला म्हणून शटरसाठी मिळतो तो जाडजूड धातूचा स्विच लावला.

पीआयआरबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की तो हालचाल 'बघतो'. तो बघत नाही. अंगातून निघणारी उष्णता त्याच्या भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली, की तो बदल त्याला जाणवतो. त्यामुळे समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस त्याला लवकर कळतं. हॉलच्या कोपऱ्यात सव्वादोन मीटर उंचीवर बसवला, तोही देवघराकडे पाठ करून, कारण समईची ज्योत आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन दोन्ही त्याला फसवतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्याची: खोलीचंच तापमान पस्तीस-छत्तीसला गेलं, की माणूस आणि भिंत यांत त्याला फारसा फरक उरत नाही आणि त्याची नजर मंदावते. तापमानाप्रमाणे संवेदनशीलता वाढवणारे पीआयआर मिळतात, थोडे महाग. तेच घेतले.

आवारासाठी दुकानदार बाहेरचा पीआयआर गळ्यात मारत होता. मागे हात-दोन हातांवर ऊस डोलतो, त्यावर ऊन पडतं. तो दिवसभर वाजला असता. त्याऐवजी आवाराच्या दोन भिंतींवर जोडबीम लावली, बारा मीटर अंतरावर, जमिनीपासून तीन फुटांवर. दोन्ही किरण एकदम तुटले तरच ती ओरडते. मांजर खालून जातं, कावळा एकच किरण तोडतो. माणूस दोन्ही तोडतो.

वायर

कामाला गावातलाच वायरमन घेतला. हात चांगला होता त्याचा. झिरी मारताना गिलावा मोजकाच फोडायचा. पण पहिल्याच दिवशी आमची जुंपली.

त्यानं कॅमेऱ्यांसाठी कॅट-सिक्स नेटवर्क केबलची जी पेटी आणली, ती उचलली तेव्हाच हलकी लागली. एका तारेचं टोक ब्लेडनं खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरं: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दोन वेळा वाकवली, तिसऱ्यांदा तुटली. कॅमेऱ्यांना वीज याच तारेतून जाणार होती. पीओई म्हणजे तेच: एका केबलमधून चित्रही आणि वीजही, पोर्टला १५.४ वॅट, वाटेतली गळती धरून कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅट, अंतर जास्तीत जास्त १०० मीटर. हा हिशोब पूर्ण तांब्याचा आहे. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, तार गरम होते आणि दोन पावसाळ्यांत सांध्याला पांढरी पूड धरते. पेटी परत पाठवली. वायरमनचं म्हणणं, "सायेब, समद्या गावात हीच पडती." पडत असेल.

दुसरा वाद भोंग्याच्या वायरवरून. सेन्सरसाठी जी बारीक सहा-तारी केबल आणली होती, ०.२२ चौ. मिमीची, तीच भोंग्यालाही ओढायचा त्याचा विचार होता. मी त्याला वहीत हिशोब मांडून दाखवला. पेटीपासून गच्चीवरच्या भोंग्यापर्यंत वीस मीटर, जाऊन-येऊन चाळीस. त्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम, म्हणजे एकूण ३.२. पीआयआर १५ मिलीअँपिअर खातो, त्याला वाटेत अर्धा दशांश व्होल्टही कमी पडत नाही. पण भोंगा एक अँपिअर ओढतो. त्याचे ३.२ व्होल्ट वाटेतच गेले, बाराच्या जागी पावणेनऊ पोचले, आणि भोंगा घसा बसल्यासारखा रडणार. १ चौ. मिमीची तार ओढली की ०.७ व्होल्टच जातो. त्यानं आकडे दोनदा पाहिले, काही बोलला नाही, सायकल काढून तार आणायला गेला.

वायरिंगचे बाकीचे नियम साधे होते. प्रत्येक सेन्सरची केबल थेट पेटीपर्यंत, मधे सांधा नाही. १२ व्होल्टच्या तारा २३० व्होल्टच्या पाइपात घालायच्या नाहीत. शेजारून न्यायच्याच असतील तर फूटभर अंतर, ओलांडायच्या असतील तर काटकोनात. बाहेरचं सगळं जाड पीव्हीसी पाइपात, उंदरांसाठी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी आणि त्यावर झोन नंबर. ही शेवटची गोष्ट कुणी करत नाही आणि पुढच्या माणसाच्या शिव्या खातो.

आता मुद्दा रेझिस्टरचा, ज्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पाहिलेल्या घरगुती कामांपैकी बहुतेकांत तो चुकलेला असतो. पॅनेलबरोबर छोटे रेझिस्टर येतात, आमचे २.२ किलोओहमचे होते. एका झोनला एक. लूपमध्ये, म्हणजे पेटीपासून दारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या तारांत, तेवढाच रोध दिसला तर पॅनेल समजतं की सगळं ठीक. तार तुटली किंवा दार उघडलं, रोध अनंत, अलार्म. दोन तारा कुणी मधेच एकमेकींना जोडल्या, रोध शून्य, तरीही अलार्म. पण हे शेवटचं तेव्हाच घडतं, जेव्हा रेझिस्टर लूपच्या शेवटी, म्हणजे दारावरच्या स्विचपाशी असतो.

कामाच्या तिसऱ्या दिवशी मी पेटी उघडली तर आठही रेझिस्टर पॅनेलच्या पट्टीतच, एका ओळीत, सुबक पिळून लावलेले. "सायेब, पॅनेलमदीच लावत्यात समदी, दिसायला पण बरं," वायरमन म्हणाला. मी काही न बोलता मागच्या दाराच्या स्विचपाशी गेलो, टाचणीनं केबलच्या दोन्ही तारा टोचून जोडल्या आणि मामींना सांगितलं, "उघडा आता दार." मामींनी उघडलं. लावलं. परत उघडलं. की-पॅडवर हिरवा दिवा तसाच. रेझिस्टर अजून पॅनेलच्याच पोटात असल्यामुळे त्याला २.२ किलोओहम दिसत होतेच. बाहेर दार उघडं की बंद, त्याला देणंघेणं उरलं नव्हतं. वायरमननं चष्मा वर केला आणि टाचणीकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी आठही रेझिस्टर स्विचच्या झाकणाखाली गेले, सोल्डर करून, वर स्लीव्ह घालून. नंतर त्यानंच एकेक टाचणी टोचून आठही झोन मला वाजवून दाखवले.

कॅमेरे: आठाचे चार

मामेभावाचे आठ कॅमेरे चारावर आणायला दोन व्हिडिओ कॉल लागले. त्याला मी एकच गोष्ट दाखवली. ६२६७६-४ या युरोपीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत हिशोब आहे: अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्याजोगा यायला दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, नुसतं 'कुणीतरी आहे' एवढं कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल. सगळे लावतात ती २.८ मिमीची लेन्स शंभर अंशांपर्यंत पाहते; आठ मीटरवरच्या फाटकापाशी तिचं चित्र एकोणीस मीटर रुंद, म्हणजे मीटरला शंभर पिक्सेल. आपला शेजारीसुद्धा नीट ओळखू येणार नाही. तिथे ६ मिमीची लेन्स लावली की कोन पन्नास अंशांचा, रुंदी साडेसात मीटर, पिक्सेल २५० च्या वर. एक नीट निवडलेला कॅमेरा चार रुंद कॅमेऱ्यांचं काम करतो. जर्मनीत राहतो, युरोपीय मानक म्हटल्यावर पटलं त्याला.

तर पुढच्या फाटकावर रोखलेला ६ मिमीचा, सोप्याला २.८ चा, मागच्या आवाराला एक आणि गच्चीकडे जाणाऱ्या बाजूच्या बोळाला एक. फाटकाच्या खांबावर एकही नाही, चारही घराच्याच भिंतीवर, छज्जाखाली. खांबावर लावला असता तर केबल उघड्या आवारातून गेली असती आणि आपल्याकडचा वळीव अशा केबलची वाट बघत असतो. वीज शेजारच्या झाडावर पडली तरी लांब तारेत दाब येऊन नेटवर्क स्विचचं, म्हणजे कॅमेऱ्यांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्याचं, पोर्ट जातं.

मागच्या कॅमेऱ्याचं मामींनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. "ते डोळे कुठे लावायचे तिथे लाव, पण मोरी दिसता कामा नये. पोरगा तिकडनं बघणार आणि मी इथे डोक्यावरून पाणी घेणार, असलं चालणार नाही." मोरीवर आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर रेकॉर्डरमधून काळी पट्टी टाकली. २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, पण शेजारीण चार दिवस बोलायची बंद झाली तर कुठला कायदा कामाला येतो? तिला बोलावून पडद्यावर ती पट्टी दाखवली, चहा झाला, विषय मिटला.

साठवणीचा हिशोब: एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला २१.६ जीबी, चारांना ८६. दोन टीबीच्या डिस्कवर तेवीस दिवस मावतात. पुरे.

रेकॉर्डर मी आधी माळ्यावर ठेवला होता, चोराला सापडू नये म्हणून. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वर हात लावला तर झाकण चटका बसण्याइतकं तापलेलं. डिस्क त्या भट्टीत वर्षभर टिकली नसती. जिन्याखालच्या कपाटात आणला, दाराला भोकं पाडली.

कॅमेरे घेताना एक पाहिलं. केंद्र सरकारनं एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या कसोट्या सक्तीच्या करणारी अधिसूचना काढली आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या; त्या कसोट्या पार केलेलीच मॉडेल घेतली. घरी आल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते त्यांच्यावर कारखान्यातलेच पासवर्ड राहिले होते म्हणून. मामांना नवीन पासवर्ड बंबाच्या नावानं हवा होता. नको म्हटलं.

वीज जाणार, हे धरून

पॅनेलच्या पेटीत १२ व्होल्टची ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी. पॅनेल, दोन की-पॅड, पीआयआर, बीम आणि भोंगा वाजला की फोन लावणारा डायलर मिळून मल्टीमीटरवर सुमारे २५० मिलीअँपिअर. कागदावर अठ्ठावीस तास, बॅटरीची जुनी होत जाणारी ताकद धरून वीस. वीस तास वीज गेली असं मामांकडे पुरातसुद्धा क्वचितच होतं.

घोळ रेकॉर्डरचा झाला. घरात इन्व्हर्टर होता, कॅमेऱ्यांचा स्विच आणि रेकॉर्डर त्यावर टाकले, पण दिवे गेले की इन्व्हर्टर लागायच्या त्या क्षणात रेकॉर्डर बंद होऊन परत सुरू व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबलं. बदल झटकन व्हायला लागला, पण आता दुसरंच: त्या मोडमध्ये इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली गेलेली वीज घेतच नाही, आणि उसाला पाणी चालू असलं की संध्याकाळी तिथे व्होल्टेज बसतंच. इन्व्हर्टर वाजत राहायचा, बॅटरी उतरायची. शेवटी तो साध्या मोडवर परत टाकला आणि राउटर, स्विच, रेकॉर्डर यांच्यासाठी एक छोटा 'ऑनलाइन' यूपीएस, म्हणजे क्षणभरही वीज न तोडणारा, वेगळा घेतला. पैसे गेले. आधीच घ्यायला हवा होता.

डायलरमध्ये मामांनी आपलं जुनं जास्तीचं सिम घातलं. ते फक्त फोर-जीवर चालणारं, डायलर टू-जीचा; नेटवर्कच सापडेना. दुसरं सिम आणलं. त्याचा रिचार्ज संपायच्या तारखेवर मामांनी कालनिर्णयवर लाल गोल केलाय, गॅसच्या नंबरशेजारी.

फोन कुणाला जावा यावरही चर्चा झाली. मामेभावाला पहिला नंबर आपला हवा होता. रात्री पावणेदोनला भोंगा वाजला तर त्याच्याकडे सव्वादहा. तो जागा असेल, पण करणार काय? पहिला फोन शेजाऱ्यांना, दुसरा दोन किलोमीटरवरच्या चुलत मेहुण्याला, मग जर्मनी. ११२ यंत्रानं नाही लावायचा, माणसानं खात्री करून लावायचा.

वाजलं ते

सगळं जोडून मी पुण्याला परतलो, आणि पाचव्या रात्री १:४० ला भोंगा. मामा-मामी सोलापूरला लग्नाला गेलेले, घर बंद, सगळे झोन जागे. शेजारी काठी घेऊन आले, चुलत मेहुणे मोटरसायकलवर आले, कॅमेऱ्यांत काही नाही. झोन चार, हॉलचा पीआयआर. मी सकाळच्या गाडीनं गेलो. भिंगाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर बारीक काळे ठिपके, शेजारी पाल. दूरवरून माणूस जेवढा दिसतो, तेवढीच भिंगावरून चालणारी पाल त्याला दिसते. वायर आत जायचं भोक सिलिकॉननं बुजवलं, भिंतीपासून हातभर पट्ट्यात डांबरगोळ्यांची पूड घातलेला रंग लावला. हा उपाय वायरमनचा, पुस्तकात नाही, पण पाल परत त्या कोपऱ्यात दिसली नाही.

दुसऱ्यांदा वाजलं ते मामांमुळे. मामी अजून उठल्या नव्हत्या, मामा पहाटे फिरून आले, वाटेत कोड विसरले, तीस सेकंद गेले. अख्खी गल्ली जागी. त्यानंतर त्यांच्या किल्लीच्या जुडग्यात टॅग अडकवला. की-पॅडला टेकवला की झालं. एका बाजूला विठ्ठल, एका बाजूला टॅग.

तिसरा त्रास जुलैतला. झोन दोन रात्री लावायला गेलं की 'तयार नाही' दाखवायचा. मामी दार आपटून आपटून लावायच्या. मी फोनवरून स्विच, तार, पॅनेल सगळं तपासायला लावलं; सगळं ठीक. शेवटी मामींनाच विचारलं, दार नीट बसतंय का? "कुठलं बसतंय! पाऊस लागल्यापासून फुगलंय, खालून घासतंय, वर बोटभर फट राहते." सागवानी दार पावसाळ्यात फुगून कलतं, चुंबक स्विचपासून लांब गेलं. सुतारानं खालची कड रंधली, मी चुंबकाखाली सहा मिमीची प्लॅस्टिकची चकती घातली. आता उन्हाळ्यात दार आटेल तेव्हा फट उलट बाजूनं बघावी लागेल, ते वहीत लिहून ठेवलंय.

कॅमेऱ्यांचा त्रास एकच: कोळी. रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो आणि इन्फ्रारेडच्या उजेडात चित्र पांढरं फटक. मावशींना महिन्यातून दोनदा लांब झाडूनं कॅमेऱ्यांखाली फिरवायला सांगितलंय. त्या आवारातल्या कॅमेऱ्यासमोर आल्या की पदर नीट करतात, मग झाडतात.

बीमनं मात्र नोव्हेंबरपर्यंत एकदाही खोटं वाजवलं नाही. मग एके दिवशी दुपारी सारखं टिंग-टाँग. मागच्या शेतात ऊसतोड सुरू झाली होती, तोडकऱ्यांची पोरं फाटकातून पाण्याला आत येत होती. मामींनी चाइम बंद केला नाही. फाटकाबाहेर माठ ठेवला.

परवा मामींचा फोन आला. "अरे, झोन दोनचा दिवा मिचकत होता. तू यायची वाट कुठे बघू? झाकण उघडलं, त्या बारक्या रेझिस्टरचा एक पाय सुटलेला. सोल्डर कुठे आहे माझ्याकडे? वायरमनला बोलावलं, त्यानं लावला, आणि मी त्याला म्हटलं, आता टाचणी टोचून दाखव."